बाईंची पक्की वही

मॉनिटर ज्या दिवशी यायचा, त्या दिवशी सिस्टरचा सकाळचा चहा अर्धाच राहायचा. मॉनिटर म्हणजे औषध कंपनीचा तपासनीस. कॅन्सरच्या नव्या गोळीची चाचणी या रुग्णालयात नियमाने चालते की नाही, हे बघायला तो दर तीन महिन्यांनी यायचा आणि ओळीखाली पट्टी धरून कागद न् कागद वाचायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याची पट्टी एका ओळीवर जरा जास्त वेळ थांबली, की सिस्टर हातातलं काम सोडून बघत राहायची.

आज ती थांबली होती. चांगली पाच मिनिटं.

ही चाचणी इथे आली ती सिस्टरच्या हट्टामुळे. सात वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना अशीच एक गोळी मिळणार होती, पण अकरा तासांच्या प्रवासानंतर, मोठ्या शहरात, दर पंधरवड्याला. वडील दोनदा गेले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "पोरी, रोग परवडला, पण ती बस नको." आणि विषय संपला. तो तिच्या मनात मात्र कधीच संपला नाही. तीन वर्षं तिने डॉक्टरांच्या मागे लकडा लावला, अर्जांवर अर्ज लिहिले, जिन्याखालची भांडारखोली रिकामी करून घेतली, गोळ्यांसाठी कुलपाचं कपाट मिळवलं. आता अकरा पेशंट होते. बारावा, एक बस ड्रायव्हर, बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन सकाळपासून बसला होता. आज त्याची संमतीपत्रावर सही व्हायची होती.

"सिस्टर," मॉनिटर म्हणाला, "पाच नंबरच्या पेशंटला तीस गोळ्या दिल्या होत्या. अठ्ठावीस दिवस, रोज एक. परत किती यायला हव्यात?"

"दोन."

"आल्यात चार." त्याने बाटली टेबलावर ठेवली. शेजारी पेशंटची डायरी उघडली. "आणि इथे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस गोळी घेतल्याची नोंद आहे. एकाच शाईने लिहिलेली, एका बैठकीत. कुठे डाग नाही, कुठे खोडलेलं नाही. इतकी स्वच्छ डायरी मी आजवर पाहिली नाही." मग त्याने सिस्टरच्या स्वतःच्या नोंदवहीचं पान डायरीशेजारी सरकवलं. "आणि अक्षर तुमचं आहे."

सिस्टरने वाकून पाहिलं. सातच्या पोटात आडवी रेघ. चारचं तोंड बंद. नऊला खाली शेपटी. दोन्हीकडे अगदी तसंच.

"हे मी लिहिलेलं नाही, सर."

"नसेलही. पण मला हे वर कळवावं लागेल. पेशंटच्या डायऱ्या इथे स्टाफ भरतो असं ठरलं, तर चाचणी इथून उठेल. अकराही जणांची. तोवर नवीन पेशंट घ्यायचा नाही."

त्याचं चुकत नव्हतं, हेच जास्त लागत होतं. खोट्या डायरीवर उद्या कुणाचा तरी डोस ठरणार. पण पाच नंबरच्या पेशंटच्या फुप्फुसातली गाठ गेल्या महिन्यात एकेचाळीस मिलिमीटरवरून एकोणीसवर आली होती. ती गोळी आता बंद करायची?

पाच नंबर म्हणजे बाई. गावातल्या शाळेत तिसरीचा वर्ग पस्तीस वर्षं सांभाळलेल्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी लिहायला शिकवलं आणि त्या अर्ध्या गावाला खोडरबराची दहशत बसवली. एका खाडाखोडीला अर्धा मार्क कापायच्या. सिस्टर तेव्हा इतकं खोडायची, की बाईंनी तिचं नावच 'खाडाखोडे' ठेवलं होतं. अजूनही तेच चालू होतं. बाई आज तपासणीसाठी आलेल्याच होत्या. सिस्टरने त्यांना आणि त्यांच्या सुनेला आत बोलावलं.

"हा मॉनिटर का?" बाईंनी चष्मा सरसावला. "आमच्या वर्गात मॉनिटर गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. हा काय करतो?"

"तेच करतो, बाई," सिस्टर म्हणाली. "आज माझं नाव लिहिलंय."

मग तिने सगळं सांगितलं. बाई ऐकत गेल्या, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. पस्तीस वर्षांत त्यांना कुणी असं उभं केलं नव्हतं.

"डायरी मीच लिहिली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ती पक्की वही आहे."

"म्हणजे?" मॉनिटरने विचारलं.

"अरे, कच्चं कुणी तपासायला देतं का? कच्चं घरी असतं. काल दुपारी बसून सुवाच्य अक्षरात उतरवून काढली."

"आणि दोन गोळ्या?"

बाई चष्मा पुसू लागल्या. सुनेने पिशवीत हात घातला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरलेला एक गठ्ठा टेबलावर ठेवला. "सासूबाई हे जाळायला सांगत होत्या. मी म्हटलं, उरलेल्या कोऱ्या जागेत वाण्याची यादी होईल."

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची ती रोज फाडायची पानं होती. पुढे छापील तारीख, मागे बाईंच्या हाताची नोंद. कुठे पेन्सिल, कुठे निळी शाई, एका पानावर चक्क सुनेची भुवयांची पेन्सिल. चहाचे डाग, तेलाची बोटं. मॉनिटर पट्टी घेऊन एकेक पान वाचू लागला. नवव्या पानावर थांबला. *पहाटेपासून चार उलट्या. गोळी घेतली नाही.* आणि एकविसाव्यावर: *विसरले. या वयात! लाज वाटते.*

दोन पानं. दोन गोळ्या.

"बाई!" सिस्टरचा आवाज आपोआप चढला. "चार उलट्या झाल्या आणि तुम्ही त्या पक्क्या वहीत गाळल्यात? अहो, उलट्या होतात हेच तर आम्हाला कळायला हवं! तुमच्यानंतर ही गोळी जो घेईल, त्याला किती द्यायची ते यावरून ठरतं. तुम्ही चूक लपवली नाहीत, माहिती लपवलीत."

बाईंवर ओरडताना तिलाच घाम फुटला. पण बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." हे शब्द त्यांच्या तोंडून त्या गावात कुणीही ऐकले नसतील, यावर पैज लावायला हरकत नाही.

मॉनिटरने पानं एकत्र केली. "पण सिस्टर, हे अक्षरही तुमच्यासारखंच आहे."

एवढं ऐकलं मात्र, बाईंची मान ताठ झाली. हे त्यांचं राज्य होतं. "सूनबाई, दार उघड. बाहेर जो दिसेल त्याला आत घे."

औषधवाला आला, नोंदणी खिडकीवरचा कारकून आला, लिफ्टवाला आला, रक्त तपासणारी मुलगी आली. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. बाईंना बघताच लिफ्टवाल्याने हात पाठीमागे बांधले. गडी पन्नाशीचा होता.

"कागद घ्या. एकमेकांचं बघायचं नाही. लिहा, आकड्यांत: सातव्या महिन्याची सत्तावीस तारीख, सात वाजून एकोणपन्नास मिनिटं."

पेनं चालली. डॉक्टर काय गोंधळ आहे म्हणून डोकावले, तर त्यांनाही कागद मिळाला. तेही बाईंचेच विद्यार्थी, पण त्यांचं अक्षर डॉक्टरकीत कामी आलं होतं.

सिस्टरचा धरून सहा कागद मॉनिटरसमोर पडले. डॉक्टरांचा सोडला, तर पाचही कागदांवर सातच्या पोटात रेघ, चारचं तोंड बंद, नऊला शेपटी. मॉनिटरने पट्टी ठेवली, उचलली, परत ठेवली. यातला सिस्टरचा कागद कोणता, हे त्याला सांगता येईना.

"तुला नाही यायचं," बाई म्हणाल्या आणि एकेक कागद उचलत गेल्या. "हा लिफ्टवाला, याची ओळ शेवटी घसरते. हा औषधवाला, टिंब द्यायला विसरतो. ही रक्तवाली, पेन दाबते, मागे उमटलंय बघ. हा कारकून. आणि ही खाडाखोडे, हिने आज पहिल्यांदाच काही खोडलं नाही. आता माझी पानं बघ. माझ्या सातची रेघ थरथरते. औषधाने बोटं बधिर होतात ना. हिच्या सातची थरथरते का?"

मॉनिटरने भिंग काढलं. कॅलेंडरची पानं पाहिली, डायरी पाहिली, सिस्टरची नोंदवही पाहिली.

"थरथरते ती पेशंटचीच," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. "मूळ कागद ही पानं. ती फाइलला लावा. उलट्यांची नोंद आजच पाठवा. डायरी दुरुस्त करून घ्या आणि पेशंटला पक्की वही करू नका म्हणून बजावा. चाचणी चालू राहील." मग दाराकडे बघून म्हणाला, "बाहेर कुणी थांबलंय ना? घ्या त्यांना."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. लिफ्टवाल्याने टाळी वाजवली आणि बाईंनी बघितल्यावर हात परत मागे बांधले. सिस्टर मात्र खुशाल रडली, सगळ्यांसमोर. वडिलांची फार आठवण आली.

डायरी दुरुस्त करायला ती बाईंजवळ बसली. "खोडरबर नाही, गिरवायचं नाही. चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं. सही. तारीख."

"म्हणजे चूक सगळ्यांना दिसणार?"

"दिसायलाच हवी, बाई."

बाईंनी नवव्या दिवसावर रेघ ओढली. खरं लिहिलं, सही केली, तारीख घातली. एकविसाव्या दिवशी त्यांना काही सांगावं लागलं नाही. बिघडलेल्या पानाकडे त्या बघत राहिल्या. "पस्तीस वर्षं मी उगाच मार्क कापले की काय गं?"

"माझे एकूण साडेसतरा," सिस्टर म्हणाली. "मोजलेत मी."

समोरच्या खुर्चीवर आता ड्रायव्हर बसला होता. शंका विचारून झाल्या, उत्तरं ऐकून झाली, त्याने संमतीपत्रावर सही केली आणि घाबरून तारीख कालची टाकली. चूक लक्षात येताच तो आकडा गिरवायला लागला.

"खबरदार!" बाई कडाडल्या. ड्रायव्हरचं पेन हवेतच राहिलं. "गिरवायचं नाही. एक रेघ ओढ. चूक दिसू दे, लाजतोस काय? आता खरी तारीख. हं. सही कर."

ड्रायव्हरने निमूटपणे सगळं केलं. बाईंनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, नीट पाहिला आणि सिस्टरकडे सरकवला.

"पूर्ण मार्क," त्या म्हणाल्या. "घे याला, खाडाखोडे."