वाटेबरोबर दिलेली बाई

जोविना झिल्दाची वेणी घालत होती. चार वर्षांची पोर एका जागी बसेना. कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं गरम पीठ मुठीत घेऊन फुंकत होती. तेवढ्यात काठाला होडी लागली.

ॲमेझॉनच्या रानातली जुरुआ नदी; तिच्या वरच्या अंगाला रबराची झाडं रानात दूरदूर विखुरलेली. त्यांना जोडत फिरणारी पायवाट हा एका माणसाचा वाटा; त्या वाटेवरच्या झाडांच्या साली कापून चीक गोळा करणं म्हणजे वाट कापणं. तो मेला की वाट, झोपडी, चाकू आणि बायको एकदमच पुढच्याला मिळत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

जोविनाचा नवरा तापानं जाऊन महिनाही झाला नव्हता. लौरिंदो मुकादमानं नवा माणूस पुढे केला.

"हा अमान्सिओ. वाट याची, आणि तूही. रडणं पुरे आता, रडून चीक गळत नाही."

झिल्दाला मुकादम स्वतःच्या घरी नेणार होता. त्याच्या बायकोला हाताशी मुलगी हवी होती म्हणे. जोविनाच्या हातातली वेणी सुटली.

अमान्सिओ डोंगराकडच्या रानातला. तिथलं रबराचं झाड वेगळं. ते आडवं पाडून सगळा चीक एकदाच काढायचा आणि पुढे जायचं. सवयीनं त्यानं झोपडीजवळच्या झाडावर कुऱ्हाड घातली. घाव थेट लाकडात गेला. दुसरा घाव पडण्याआधी जोविनानं दांडा धरला.

"या झाडाची नुसती साल कापायची असते. ते जगलं तर वर्षानुवर्षं देतं." मग ती मुकादमाकडे वळली. "वाट मीच कापीन. याला शिकायचं तर शिकवीन, पण राहायचं दुसरीकडे. मला कुणी कुणाला द्यायचं नाही. माझ्या पोरीलाही नाही."

"बाईनं वाट कापल्याचं ऐकलंय का रे कुणी?" मुकादम हसला.

"तुम्ही ऐकलंत की आत्ता."

त्याचं हसू मावळलं. तिच्यासाठी उतरवलेलं पिठाचं पोतं त्यानं परत होडीत टाकायला लावलं.

"खा मग झाडाचा पाला. चल रे अमान्सिओ, खालच्या वळणावर दुसरी आहे. ती गरीब आहे, बोलत नाही."

होडी सुटली. घरात मूठभर पीठ उरलं होतं. खालच्या वळणावरची ती फेलिस्मिना, पावसाळ्यातच विधवा झालेली, पोटुशी.

नदी तिथवर मोठा वळसा घेते. रानातून अंतर निम्मं. जोविनानं ते पीठ फडक्यात बांधलं, पोरीला कडेवर घेतलं आणि होडीच्या आधी फेलिस्मिनाकडे पोचायला निघाली.