पुढे पेट्रोल, मागे फोर्कलिफ्ट

मी स्पोर्ट्स कार बोलतेय. भिवंडीजवळच्या अंजूर गावची. हसू आलं ना? हसून घ्या. मीही आरशात पाहिलं की हसते. आरसा एकच आहे, तोही टेम्पोचा.

माझं पुढचं अंग एका जुन्या छोट्या पेट्रोल गाडीचं. मागच्या चाकांना जोडलेली मोटर आणि बॅटऱ्या दापोड्याच्या गोदामात मोडीत निघालेल्या, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या. वरून लालभडक रंग आणि पाठीवर पत्र्याचा पंख. या पंखाचा आजवर एकच उपयोग झाला, त्यावर पापड वाळले.

मला घडवलं पूर्वीनं. रामनाथशेठची धाकटी लेक, भिवंडीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. साल दोन हजार सात. ती माझ्याखाली आडवी पडून मला समजवायची, "इंजिनाला वेग पकडायला वेळ लागतो. मोटर उभ्या जागेवरून ओढते. दोघांची जोडी जमली ना, तर स्पोर्ट्स कार कमी पेट्रोलमध्ये नुसती उडेल बघ!" ऐकून माझी छाती फुगायची. बढाई मारायला इंजिन तापवावं लागत नाही.

पहिल्या चाचणीला सगळी आळी जमली. पूर्वीनं मोटरचं बटण दाबलं आणि मी मोठ्या झोकात मागे गेले, थेट पेंढ्याच्या उडवीत. मोटर उलटी बसली होती.

"पोरी, गाडी पुढं जाते गो," रामनाथशेठ पेंढा झटकत म्हणाले. "येवढं तर बैलालाबी ठाव हाय."

मोटर सुलटी झाली, पण माझी अब्रू काही सावरली नाही. पूर्वीला पुढच्या शिक्षणाला पुण्याला जायचं होतं. शेठना तिच्यासाठी स्थळं पाहायची होती. त्यातच तिच्या थोरल्या भावाचं, कुणालचं लग्न ठरलं आणि मिरवायचं तर लाल गाडीतूनच, असा त्यानं हट्ट धरला. शेठनी एका दगडात दोन पक्षी मारले.

"घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत हिनं नवऱ्याला नेलं, तर तू पुण्याला जा. मधीच बंद पडली, तर ही भंगारात नि तू पाव्हन्यांसमोर. कबूल हाय?"

"कबूल," पूर्वी म्हणाली. माझं मत कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे नवरदेवाच्या गाडीचं तोंड झेंडूनं झाकायची पद्धत. पूर्वी म्हणत होती, जाळी मोकळी ठेवा, इंजिनाला वारा लागू द्या. पण तिची आत्या, आक्का, ऐकते कसली! "नवऱ्याची गाडी हाय, उघड्या तोंडाची न्यायची व्हय?" म्हणत तिनं माझ्या नाकावर फुलांची गादीच बांधली.

पाऊण किलोमीटरचा रस्ता आणि नाचणारे दोनशे. तासाभरात आम्ही निम्म्यावर आलो. मग माझ्या नाकातून वाफ निघाली आणि झेंडू शिजल्याचा वास सुटला. वरातीपुढे वाजणारा बेंजो थांबला. शेठ गर्दीतून वाट काढत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उतर पोरी," एवढंच म्हणाले.

पूर्वीनं स्टिअरिंग सोडलं नाही. मी मात्र घाबरले होते, कारण भंगारवाला वरातीतच नाचत होता. तिनं इंजिन बंद केलं. मोटरचं बटण दाबलं. आवाज शून्य.

"बाबा, बाजूला व्हा. गाडी चालू हाय."

आणि मी पुढे निघाले! पुढे, बरं का. शेजारचा बाळाराम वाकून मागे बघायला लागला, ढकलतंय कोण? धूर नाही, घरघर नाही, त्यामुळे पोरीबाळी मला खेटून नाचल्या. इंजिन थंड होत गेलं आणि मी मुंगीच्या पावलानं नवरदेवाला देवळाच्या पायरीशी उतरवलं.

शेठनी माझ्या नाकावरचा शिजलेला झेंडू सोडवला. मग पूर्वीला म्हणाले, "पुण्याला थंडी असते म्हणतात. आईची शाल ने." पूर्वी रडली. मलाही रडू आलं, पण पाणी आधीच उकळून गेलं होतं.

आता दोन हजार नऊ चाललंय आणि आसपासच्या वराती मीच नेते. वेगासाठी जन्मलेली मी पंचक्रोशीतली सगळ्यात हळू चालणारी गाडी म्हणून प्रसिद्ध आहे. आजवर दोन सायकली, एक म्हैस आणि एका नवरीची आजी मला मागे टाकून गेल्या. चालक खुद्द रामनाथशेठ. बॅटऱ्यांत पाणी तेच घालतात आणि विचारेल त्याला छाती फुगवून सांगतात, "मोटर उभ्या जागेवरून ओढते!"

पण इंजिन आणि मोटर एकदम कधीच चालली नाहीत. जाताना पूर्वी बजावून गेली, "बाबा, दोन्ही बटणं एकत्र दाबू नका. मी आल्यावर बघू, ही किती पळते ते."

मिरवणूक सोडून परतताना गोदामांमागचा सरळ, मोकळा रस्ता लागतो. शेठ तिथे मला थांबवतात. बोट दुसऱ्या बटणापर्यंत नेतात, क्षणभर ठेवतात आणि मागे घेतात. "पोरीला येऊ दे," असं म्हणतात.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. पुण्यात कुठे पूर्वी भेटली, तर तिला सांगा, बॅटऱ्या थकत चालल्यात, लवकर ये. तुझा बाप आत्तापासूनच सीटबेल्ट लावून बसतो, ताशी चार किलोमीटरला.