नकाशावर जळणारा पृथ्वीगोल

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. एका शिंप्याच्या दुकानात कपाटावर राहतो. मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? मी समोरच्या भिंतीवरच्या नकाशावर जळतो. अगदी मनापासून जळतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या चेंडूवर रंगीत कागदाच्या बारा पट्ट्या एका बाईंनी इतक्या नेटक्या चिकटवल्या, की सांधा शोधून सापडू नये. शिंपीमास्तरांनी मला आपल्या लेकीसाठी घेतलं. ती मला रोज गरगर फिरवायची. कौतुक तर विचारूच नका! मग लेक मोठी झाली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. मास्तर शिवून झालेल्या टोप्या माझ्या डोक्यावर ठेवू लागले. अख्खी पृथ्वी टोपीखाली! आणि तो जगाचा नकाशा? चार फूट रुंद, ऐन भिंतीच्या मधोमध. येणारं गिऱ्हाईक त्याच्यापुढेच उभं. मास्तर त्याला रोज फडक्याने पुसायचे, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मास्तरांची थोरली बहीण, आक्का, समुद्रापलीकडच्या शहरात मुलाकडे राहते. अठरा वर्षं दोघांची भेट नव्हती. ती बोलवायची आणि मास्तर नकाशाकडे बघून उसासा टाकायचे. एका सकाळी तिचा फोन आला.

"अरे, डोळे चाललेत माझे. तुझं तोंड दिसतंय तोवर येऊन जा."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून नकाशाला लावली. आपलं शहर एका कडेजवळ, आक्काचं दुसऱ्या कडेजवळ. अडतीस इंच!

"जवळजवळ सगळी पृथ्वीच की गं! दोन दिवस विमानात बसून माझी कंबर राहील का जागेवर?"

"बाबा, दहा तासांत पोहोचतं विमान," लेक म्हणाली.

"काहीतरीच! टेप खोटं बोलते होय?"

लेकीने मला खाली ओढलं. टोप्या चहूकडे पडल्या. "आता इथे लावा."

मास्तरांनी सवयीने आधी माझी कंबर मापली. "सदतीस," ते पुटपुटले. मग लेकीने मला फिरवून मागची बाजू पुढे आणली. नकाशाच्या दोन्ही कडा माझ्या अंगावर एकमेकींना भेटतात. मध्ये फक्त समुद्र. त्यावरून टेप लावली, तर आक्काचं शहर आठ इंचांवर निघालं.

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. "मी कायम उलट्या बाजूनेच मोजत आलो गं."

मी मात्र आनंदाने फुगलो होतो. जिरली की नाही त्या नकाशाची!

दोन आठवड्यांनी मास्तर विमानाने गेले आणि तिकडून लेकीला फोन आला. आक्का हसत होती. "अगं, केवढा पिकलाय गं हा! मला वाटलं, आमचे बाबाच आले." मग ती हसता हसता रडायला लागली. तिला अगदी जवळून, कसाबसा दिसत होता भाऊ.

तेव्हा माझी मलाच लाज वाटली. अठरा वर्षं मी टोप्या मोजल्या आणि नकाशावर जळत बसलो. ती दोघं, एक इकडे आणि एक तिकडे, म्हातारी होत होती, याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, घरात पृथ्वीगोल असेल तर त्याला कपाटावर टाकू नका. आणि आपलं माणूस फार लांब आहे म्हणून कुणी जाणं टाळत असेल, तर त्याच्या हातात मला द्या. एकदा पूर्ण फिरवून बघू दे. मास्तरांनी मला आधीच असं फिरवलं असतं, तर आक्काला आणखी थोडं नीट दिसत असताना त्यांची भेट झाली असती.