पहिली दोरी

लाखलन मॅकरोरनने उभा जन्म डनकोरीच्या किल्ल्यात गाइड म्हणून एकच थाप मारण्यात घालवला. दिवाणखान्यात प्रवाशांना उभं करायचं आणि सांगायचं, की आमच्या कुळाच्या सरदारांनी दुष्काळात खोऱ्यातल्या माणसांना स्वतः जहाजात बसवून कॅनडाला पोचवलं, माणसं दुवा देत गेली. दुवा कसली डोंबलाची! डोक्यावरची छपरं पेटवून हुसकलं त्यांना, मेंढ्यांना कुरण हवं म्हणून. पडक्या घरांचे दगड वाहून किल्ल्याची नवी बाजू उठवली. दिवाणखान्यातल्या शेकोटीवरची शिळा तर लाखलनच्याच खापरपणजीच्या दाराची.

"बाबा, त्या शिळेखाली उभं राहून खोटं बोलताना लाज नाही वाटत?" लेक किर्स्टी तडकायची.

"अगं, तोंडाने बोलतो नुसता. किल्ल्यातल्या चॅपलमागे आपली जुनी माणसं पुरलीत ना? तिथे मलाही जागा मिळेल म्हणालेत सरदार. घर गेलं ते गेलं, निदान मातीला तरी परत जाईन."

मार्चमध्ये लाखलन गेला. किर्स्टी जागा मागायला किल्ल्यावर गेली. सरदार टॉर्क्विलनी तिच्या हातात व्हिस्कीचा पेला दिला.

"माझा उजवा हात गेला बघ, किर्स्टी. पण चॅपलमागे कसं जमेल? हिरवळीवर आता लग्नं लावतो आपण. नवरीच्या फोटोत ताजी कबर, बरं दिसतं का?"

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता बाबांना."

"‘बघू या’ म्हटलं होतं मी. बघितलं. अंत्यविधीला बॅगपाइपवाला मात्र किल्ल्यातर्फे हं, आमच्या लाखलनसाठी."

आमच्या लाखलनसाठी! किर्स्टीने पेला तसाच खाली ठेवला आणि निघाली. घरी येऊन बाबांच्या शवपेटीपाशी बसली आणि त्यांच्यावरच चिडून रडली.

पुरायचं ठरलं पेट्रोलपंपामागच्या नगरपालिकेच्या दफनभूमीत. कुळाच्या मेळाव्यासाठी कॅनडाहून आलेले भाऊबंदही जमले होते. आमच्याकडे शवपेटी दोऱ्यांनी खाली सोडतात. डोक्याकडची पहिली दोरी सगळ्यात जवळच्या माणसाची, पण सरदार हजर असला की ती त्याची. कुळाचा बाप ना तो! टोपीत गरुडाची पिसं खोचून टॉर्क्विल पुढे झाले. दोरी किर्स्टीच्या मुठीत होती.

"सोड, पोरी. रीत आहे," ते हळूच म्हणाले.

"रीत?" तिचा आवाज चढला. "माणसं घरातून जाळून काढायची, दारांचे दगड स्वतःच्या शेकोटीला लावायचे, वर त्यांच्याच पोरांकडून आरती ओवाळून घ्यायची, हीच ना रीत? जन्मभर तुमच्यासाठी खोटं बोलला हा म्हातारा! हातभर जमीन हवी होती त्याला, तीही दिली नाहीत. हात लावू नका दोरीला!"

कॅनडाच्या बायका हुंदके देऊ लागल्या. सरदार मागे सरकले आणि किर्स्टीने बापाला स्वतःच्या हाताने खाली सोडलं. बरं वाटलं तिला, खूप बरं वाटलं.

फाटकापाशी टॉर्क्विल थांबले होते. आता शिव्या खायच्या, म्हणून ती तयारीनेच गेली. पण गडी खुशीत होता.

"काय बोललीस गं! त्या बायका अजून रडतायत. लोकांना हल्ली हेच ऐकायचं असतं. सोमवारपासून किल्ल्यात प्रवाशांना सांगशील? त्या शिळेखाली उभी राहून, अस्संच?"

किर्स्टीचं तोंड कडू झालं. थुंकावं याच्या पिसांवर, असं मनात आलं.

"आणि लाखलनचं म्हणशील," टोपी नीट करत ते म्हणाले, "तर पुढेमागे उकरून आणता येईल चॅपलमागे. बघू या."

तिने मागे पाहिलं. पंपावर एक ट्रक डिझेल भरत होता, आणि त्याचा धूर बाबांच्या ओल्या मातीवर येत होता.

"सोमवारी किती वाजता येऊ, साहेब?" तिने विचारलं.