देवापुढे गाळलेली सूचना

पंचायतीचे फलक कुणी वाचत नव्हतं, आणि घरोघर वाटलेल्या पत्रकांवर बायका भाजी निवडत होत्या. साथ तर दारात येऊन ठेपलेली. तेव्हा तरुण पंच समीक्षा कृष्णनाथकडे आली. धारगळजवळच्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घरचा. त्याने देवाला साकडं घालायचं आणि गावाने एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही पिढ्यांची रीत.

“काका, ह्यो सूचना गाऱ्हाण्यासारख्यो घाला. तुमचां लोक आयकतले.”

कृष्णनाथची छाती फुगली. कुणाची फुगली नसती? गरम पाणी, वाफ, अंगणातला व्यायाम, घराची पायरी न उतरणं, सगळं त्याने देवापुढे उभं राहून झोकात घातलं. समीक्षाने ते मोबाइलवर घेतलं. शेवटची सूचना मात्र त्याने गाळली. दम लागला तर ताबडतोब इस्पितळ गाठा, अशी ती होती. गाऱ्हाण्यात अभद्र बोलायचं नसतं, असं बापाने शिकवलेलं. समीक्षाच्याही ते ध्यानात आलं नाही. भोंगा लावलेली रिक्षा ते वाजवत वाड्यावाड्यांतून फिरली आणि लोक दारात हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागले. पंचायत खूश झाली.

मग शेजारीच एकटी राहणारी त्याची धाकटी बहीण सुलोचना तापाने पडली. आज सकाळी तर तिला धड बोलवेना. कृष्णनाथने एकशे आठची गाडी बोलावली, आणि गाडी दारात येताच या बाईने आतून कडी घातली.

“सुलो, दार उघड गो!”

“दादा... तूच देवाक सांगलंस... पायरी उतरूची नाय म्हणान. मी व्हय म्हटलंय... आता मोडलंय तर... माझ्या योगेशाक भोवात.”

योगेश तिचा एकुलता मुलगा, दूर बोटीवर नोकरीला.

“अगो, ता पंचायतीचां! येक गजाल मीच गाळलंय. चुकलंय मी!”

“देवाक... सांग.”

तो ओरडला, शिव्या घातल्या, शेवटी दारावर डोकं टेकून रडला. म्हाताऱ्या माणसाने असं रडलेलं बघवत नाही. देऊळ तर एव्हाना साथीमुळे बंद झालेलं. गाडीवाला म्हणाला, काका, अजून दोन ठिकाणी जायचंय.

कृष्णनाथने चपला काढल्या, देवळाच्या दिशेने हात जोडले आणि अंगणातूनच आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! माझ्या तोंडान चूक झाली म्हाराजा! जेका दम लागता, तेणां पायरी उतरान इस्पितळात जावचां! तेका तुझो दोष लागू नये म्हाराजा!”

आणि त्याने आजूबाजूला पाहिलं. व्हय म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि गाडीवाला सोडला तर अंगणात चिटपाखरू नव्हतं. मग समोरच्या घराच्या खिडकीतून शेजारी बाबली ओरडला, “व्हय म्हाराजा!” पाठोपाठ पलीकडची खिडकी, मग माडांमागची घरं. सगळा वाडा बंद दारांआडून ओरडला.

कडी काही निघाली नाही.

कृष्णनाथने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. वाडा पुन्हा ओरडला. आतून काहीच नाही. तेव्हा त्याने आणि गाडीवाल्याने मिळून खांद्यांनी दार मोडलं.

सुलोचना भिंतीला टेकून बसली होती, हात जोडलेले, ओठ निळे पडलेले. ते ओठ हलत होते. ती केव्हापासून व्हय म्हणत होती, फक्त आवाज निघण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता.