बाईंचा कॉम्प्युटर बोलेना

“हात लावू नकोस! नुसतं वाच,” म्हणत चंद्रप्रभाबाईंनी लेकाचा हात कीबोर्डवरून बाजूला सारला.

अनिरुद्ध कावला. पुण्याहून काल तुळजापूरला आला, तोच मुळी आईला कायमचं घेऊन जायचं ठरवून. निवृत्तीनंतर काचबिंदूनं बाईंचे डोळे गेले, मग नवराही गेला. तरी बाई खुशाल एकट्या राहत होत्या, त्या या कॉम्प्युटरच्या जोरावर. पेपर, बँक, मैत्रिणींची पत्रं, सगळं तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि आज सकाळी या पठ्ठ्यानं नेमका अबोला धरला!

“बघ, हा गप झाला की तू अडकलीस. म्हणून म्हणतो, चल पुण्याला. नवा लॅपटॉप घेऊन देतो. आवाज किती गोड असतो त्याचा!”

“असू दे की गोड. पण चुकला तर मला सुधारू देतो का? हा माझ्या माहेराला, माकणीला, मकानी म्हणायचा. त्याची उच्चारांची फाईल उघडून मी शिकवलंय त्याला. यातली प्रणाली लिनक्स हाय बाबा, सगळ्यांना खुली; कुणाची परवानगी लागत न्हाय.”

बोलल्या खऱ्या ठसक्यात. बिघडलं की फोनवरच्या अंध मैत्रिणींना विचारायचं आणि आपल्या हातानं नीट करायचं, ही त्यांची रीत. आज जमलं नाही, तर पोराला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

त्यांनी चाचपत एक ओळ लिहिली. “काय आलं?”

“एक अक्षर चुकलंय. थांब, मी करतो...”

“कुठलं ते सांग. खोडायचं मी.”

खोडलं, पुन्हा लिहिलं. अनिरुद्ध वाचू लागला, “आवाज मॉनिटरकडं जातोय...” आणि मध्येच थांबला.

आईच्या कॉम्प्युटरला पडदाच नाही, हे काल त्याला बघवलं नव्हतं. गाडीतून आपला जुना मॉनिटर आणून त्यानंच जोडला होता. त्याला स्पीकर कुठले असायला!

“आई, म्हणजे मीच की गं हे केलं.”

“अरे वेड्या, मायेनंच केलंस ना? जाऊ दे. आता पडद्यावरचं स्पीकरचं नाव अक्षर न् अक्षर सांग.”

त्यानं सांगितलं. बाईंनी लिहून एंटर दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग तो ओळखीचा घोगरा आवाज खडखडत बोलू लागला.

“बोलला गं बाई एकदाचा!” बाई हसत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या.

अनिरुद्धनं पुण्याचं नाव काढलं नाही. वाकून मॉनिटरची वायर सोडवू लागला.

“राहू दे रे ते,” बाई म्हणाल्या. “आता नाही बिघडायचा, आवाज स्पीकरकडंच धाडायचा हे सांगून ठेवलंय मी त्याला. तू येशील तेव्हा तुला दिसायला नको का?”