क्षितिजमधली साडेअकराची वेळ

क्षितिज नावाच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. सातव्या मजल्यावरच्या पाच खोल्यांपैकी ती सगळ्यात लहान. मालकांनी सगळ्या खोल्यांना अशीच भारी नावं दिली होती, आणि नावं देताना बहुतेक ते खोल्या बघायला वर आलेच नव्हते. कंपन्या तासांच्या हिशेबानं या खोल्या भाड्यानं घेत. कुणाला मुलाखती घ्यायच्या असत, कुणाला नवा माल दाखवायचा असे, कुणाला नुसतं चार भिंतींच्या आड भांडायचं असे. खुर्च्या लावणं, प्रोजेक्टरची वायर शोधणं, वाळलेली पेनं फेकून फळ्यापाशी नवी ठेवणं आणि दारातल्या टेबलाशी बसून आल्यागेल्याला गळ्यात घालायचा पास देणं, ही सगळी कामं एक बाई सतरा वर्षं बघत होती.

तिला सगळे ताई म्हणत. सफाईवाले म्हणत, रखवालदार म्हणे, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले मालकही म्हणत. जिची ती खरोखरची ताई होती तिनं मात्र चार वर्षांत हा शब्द उच्चारला नव्हता.

ही धाकटी बहीण, घरात तिला बारकी म्हणत. पन्नाशीला आली तरी बारकीच. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. ताई आईजवळ राहिली आणि बारकी नोकरीच्या मागे शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. आई शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात होती. त्यात बारकी तीन दिवस आली. तेही दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आई गेली त्या दिवशी तिच्या कंपनीचा कसलासा मोठा कार्यक्रम होता, आणि ती घरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसांनी भरलेल्या घरात, दारातच, ताई तिला म्हणाली, “आता काय, मीटिंग घ्यायला आलीस?” बारकीनं बॅग खाली ठेवली, पाणी प्याली, बॅग उचलली आणि निघून गेली. झालं ते एवढंच. पण ते चार वर्षं पुरलं.

सोमवारी एका कंपनीकडून क्षितिजसाठी बुकिंग आलं. गुरुवार, दहा ते तीन. एक टेबल, तीन खुर्च्या, दाराच्या काचेला कागद लावायचा, आणि कागदी रुमालांचा खोका. शिवाय आत आलेल्या माणसानं मागच्या दारानं बाहेर पडावं, म्हणजे पुढच्याशी गाठ पडणार नाही, अशी सोय. ताईला आणखी काही विचारायची गरज पडली नाही. अशा बुकिंगला सफाईवाले ‘रुमालवाली’ म्हणत. लोकांना ऑफिसात सगळ्यांसमोर नोकरीवरून काढायला अवघड जातं, म्हणून कंपन्या भाड्याची खोली घेत. काचेला कागद लावला, की आतलं रडू निदान दिसत तरी नसे. खोल्यांत जे चालतं ते लिफ्टच्या पलीकडे जायचं नाही, ही ताईच्या नोकरीची पहिली अट होती आणि तिनं ती कधी मोडली नव्हती. मोडायची तरी कुणापाशी? घरी गेल्यावर बोलायला समोर माणूस लागतं.

बुधवारी पाचच्या सुमाराला पाससाठी यादी आली. नऊ नावं, प्रत्येकाला अर्धा तास. चौथं नाव बारकीचं होतं. वेळ साडेअकरा.

ताईनं यादी पुन्हा वाचली. कंपनीचं नाव बघितलं. बारकीनं मधे कधी तरी कंपनी बदलली असणार, तिला पत्ताच नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. ज्या नोकरीपायी आईला टाकून गेलीस ती अशीच जाते बघ, असं आलं. ते क्षणभरच टिकलं, पण आलं होतं खरं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून चहाच्या खोलीत गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवत उभी राहिली.

साडेपाचला तिनं फोन लावला. सात वेळा वाजला, मग तिनं तो बंद केला. मेसेज लिहायला घेतला, पण काय लिहायचं? चार वर्षांनी पहिलं वाक्य ‘तुझी नोकरी जातेय’ हे? बारकीला वाटेल ही मजा बघतेय. तिनं लिहिलेलं पुसलं आणि पर्स उचलून घरी गेली.

गुरुवारी कंपनीची एचआरची बाई वेळेच्या आधी आली. तिशीतली, नम्र, तोंडात सारखी पेपरमिंटची गोळी. खोका बघून म्हणाली की एक पुरेल का, आणि स्वतःच पिशवीतून दुसरा काढून ठेवला. दहाचा माणूस आत गेला. साडेदहाचा गेला. अकराची मुलगी हसत आली, पास घेताना लिफ्ट किती हळू आहे म्हणाली. मागच्या दारानं कोण कसं बाहेर पडलं ते टेबलापाशी बसून दिसत नसे, आणि एरवी ताईला ते बरं वाटे.

साडेअकराला पाच मिनिटं असताना लिफ्टमधून बारकी उतरली. केस निम्मे पांढरे झाले होते. ठेवणीतला कोट घातलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. टेबलाशी आली, नाव सांगायला तोंड उघडलं आणि थांबली.

“तू अजून इथेच असतेस होय?” ती म्हणाली.

“सतरा वर्षं.”

“जागा बदलली असशील असं वाटलं होतं.”

मग दोघींनी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी केली, शेजारणी करतात तशी. ताईनं गुडघ्याचं सांगितलं. बारकी म्हणाली, काल तुझा फोन येऊन गेलेला दिसला. मग आवाज खाली आणून, जरा उत्साहानंच, सांगू लागली की आज पुढच्या वर्षाचं नियोजन आहे, तिला एकटीला अर्धा तास दिलाय, दोन दिवस बसून तिनं सगळे तक्ते तयार केलेत. बॅगेवर हात ठेवून ती हे सांगत होती.

ताई टेबलामागून उठली. आलेल्या माणसाला दारापर्यंत सोडायला ती कधीच जात नसे, बोटानं दाखवत असे. त्या दिवशी ती बारकीच्या बरोबर निघाली. बोळ लांब नव्हता. क्षितिजच्या अलीकडे दोन पावलांवर ती थांबली.

“बारके, आत कागद पुढे करतील. आज सही करू नकोस. घरी नेऊन वाचते म्हण.”

“कसले कागद?”

बारकीनं दाराकडे पाहिलं, काचेवरच्या कागदाकडे पाहिलं. हुशार होती ती, लहानपणापासूनच.

“नक्की?” तिनं विचारलं.

“ही खोली मीच लावते.”

बारकीनं लॅपटॉपची बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि विचारलं, “केस ठीक आहेत ना माझे?”

मागे एक बट सुटली होती. ताईचा हात थोडा वर आला, पण तिनं तो पुढे नेला नाही. नुसतं म्हणाली, “मागे जरा.” बारकीनं स्वतःच चाचपून बट खोचली आणि दार लोटून आत गेली.

रखवालदाराला टेबलाकडे बघायला सांगून ताई मागच्या बाजूला गेली. तिथे चहाचे ट्रे, पाण्याचे रिकामे कॅन आणि सामानाची लिफ्ट. सतरा वर्षांत त्या दारातून बाहेर येणाऱ्याची वाट बघत ती पहिल्यांदाच उभी राहिली. बारा-तेरा मिनिटांतच दार उघडलं. बारकीच्या हातात एक निळी फाइल होती. डोळे कोरडे होते, फक्त कोटाचं एक बटण ती सारखं लावत-काढत होती.

“सही नाही केली,” ती म्हणाली.

“बरं केलंस.”

“तुला कधी कळलं?”

“काल संध्याकाळी. यादी आली तेव्हा.”

“म्हणून फोन केलास.”

“हो.”

“एकदाच केलास.”

ताई म्हणाली, “तू उचलला नाहीस.”

“मला वाटलं चुकून लागला असेल. दुसऱ्यांदा वाजला असता तर उचलला असता, ताई.”

सामानाची लिफ्ट आली. ताईनं विचारलं, चहा घेऊन जातेस का. बारकी म्हणाली, इथे नको. लिफ्टचं दार बंद झालं.

खाली उतरल्यावर बारकीनं आपल्या ओळखीच्यांना फोन केले असणार, कारण तिच्यानंतरच्या पाचांपैकी चौघांनी सही केली नाही. एचआरच्या बाईनं दोन्ही खोके उचलून नेले आणि संध्याकाळी मालकांकडे तक्रार गेली की आतली गोष्ट बाहेर फुटली. दुसऱ्या दिवशी मालकांनी ताईला बोलावलं. त्यांनी प्रश्न असा विचारला की नाही म्हणणं सोपं जावं. त्यांना नाहीच ऐकायचं होतं. ताईनं सरळ सांगितलं की हो, मीच बोलले, ती माझी बहीण होती.

“तुम्हाला बहीण आहे?” मालक म्हणाले.

तिला मालकांच्या मुलांच्या शाळा ठाऊक होत्या, त्यांच्या बायकोचं पथ्यपाणी ठाऊक होतं. मालकांचं काही चुकलं नव्हतं. तिनंच कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं नाही म्हटल्यावर कुणी विचारलंही नव्हतं. मालक म्हणाले, आधी सांगायचं होतं, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं. हे तिला सुचलंच नव्हतं. रात्रभर विचार करूनही सुचलं नव्हतं.

तिची नोकरी गेली नाही. दारातलं टेबल गेलं. तिला दहाव्या मजल्यावरच्या मोठ्या सभागृहाचं काम दिलं. तिथे एका वेळी दोनशे-अडीचशे खुर्च्या मांडायच्या. वर कुणाला पास द्यायचा नसे, त्यामुळे कुणाशी दोन शब्द बोलायचाही प्रसंग येत नसे. कार्यक्रम सुरू झाला की ती मागच्या भिंतीशी उभी राही आणि लोकांच्या पाठी बघे.

बारकीचा फोन आला तो तीन आठवड्यांनी. सही न केलेल्यांनी मिळून वकील गाठला होता. कंपनीशी बोलणी होऊन भरपाई थोडी वाढली होती. तेवढं कामापुरतं सांगून ती थांबली, आणि मग म्हणाली की दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय, जावं का? चार वर्षांत तिनं ताईचा सल्ला पहिल्यांदाच विचारला होता. जाऊ नकोस म्हणावंसं ताईला फार वाटलं. नुकती कुठे सापडलीस, असं काहीसं तोंडाशी आलं. तिनं विचारलं, काम चांगलं आहे का? बारकी म्हणाली, चांगलं आहे. “मग जा की,” ताई म्हणाली.

निघायच्या दिवशी ताई सामान बांधायला गेली. दोघींनी मिळून पुस्तकांचे खोके चिकटपट्टीनं बंद केले. आईचा विषय निघाला नाही. निघेल निघेल असं ताईला दिवसभर वाटत होतं, बारकीलाही वाटत असावं. एकदा दोघी एकदमच गप्प झाल्या, पण तेवढ्यात टेम्पोवाला वर आला.

आता बारकी दर रविवारी सकाळी फोन करते. तिला एका जागी बसून बोलायची सवय नाही, म्हणून ती फोन ओट्यावर ठेवते आणि भांडी घासते, कपाट लावते, कुठे तरी आत जाते नि परत येते. बोलण्यासारखं दोघींकडे फार नसतं. गुडघा, ऑफिस, भाजी, संपलं. मग पुष्कळ वेळ कुणीच बोलत नाही. ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसते, फोन मांडीवर, आणि तिकडचा नळ, तिकडची ताटं, तिकडची पावलं ऐकते. घरात कुणी वावरत असल्यासारखं वाटतं. अर्ध्यापाऊण तासानं बारकी हात पुसत येते, “आहेस का गं?” म्हणते. ताई म्हणते, आहे.